भावना फार होतात, त्याचं काय करता? (शनिवारी भाषण आहे)

नदीकाठ

नमस्कार मंडळी.

शनिवारी आमच्या शाळेत निरोपसमारंभ आहे. शिपाई मामा निवृत्त होताहेत. ३१ वर्षं त्यांनी शाळेची घंटा दिली. शिक्षकांतर्फे त्यांच्याविषयी बोलायचं काम माझ्याकडे आलंय. भाषण लिहून तयार आहे, जेमतेम चार मिनिटांचं. घरी सात वेळा मोठ्याने म्हणून पाहिलं आणि सातही वेळा दुसऱ्या परिच्छेदापुढे गेले नाही.

दुसऱ्या परिच्छेदात तसं काही नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शाळेत शिरलं, तेव्हा मामांनी जनरल रजिस्टरं डोक्यावरून वरच्या मजल्यावर नेली. सगळी नेली, एकही भिजू दिलं नाही. मग ते स्वतःच्या घराकडे गेले. एवढंच लिहिलंय. 'मग' या शब्दापाशी माझा आवाज जातो.

माझी अडचण नीट सांगते, कारण 'हळवी आहेस' एवढ्यावर लोक विषय संपवतात. रडू येतं याचा मला त्रास नाही. त्रास हा आहे की माझ्याकडे भावना एकेकटी येत नाही. लग्नघरी पाहुणे यावेत तशी येते. एकीला दार उघडलं की मागे चारजणी उभ्या, शिवाय खाली रिक्षातून अजून दोघी उतरताहेत.

मागच्या महिन्यातलं सांगते. माझी लेक शंभर मीटरमध्ये तिसरी आली. मला आनंदाने भरून आलं. तेवढ्यात चौथी आलेली मुलगी दिसली, बुटाची नाडी बांधत खाली बसलेली, मान वर करत नव्हती. मग तिच्यासाठी भरून आलं. मग राग आला की प्रमाणपत्रं तीनच का छापतात, चौथं छापायला कितीसा कागद लागतो! मग आठवलं की माझी आई माझी एकही शर्यत बघायला येऊ शकली नव्हती, कारण तेव्हा भांगलणीचे दिवस असायचे. हे सगळं पाऊण मिनिटात. फोटो काढायची वेळ आली तेव्हा लेकीच्या गळ्यात पदक होतं आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. फोटो तसाच आलाय. फ्रेम करून लावलाय.

तर विचारायचं असं की शनिवारी चार मिनिटं शेवटपर्यंत कशी न्यायची? 'रडू नकोस' सोडून काहीही सांगा, ते मला चाळीस वर्षं माहीत आहे. आणि तुमच्याकडे भावना जास्त झाल्या की काय होतं तेही लिहा. मला खरंच ऐकायचंय.

मोगरी

अगदी अगदी! आधी तुझ्या लेकीचं अभिनंदन. आणि त्या चौथीचंही.

माझं ऐक. दोन हॉलचं मंगल कार्यालय. मी पोचले तेव्हा तळमजल्यावर पाठवणी चालली होती. नवरी आईच्या गळ्यात पडलेली, सनईवाला थांबून बघतोय, मागे एक मावशी तोंडात पदर कोंबून उभी. मला राहवलं नाही. मी मावशींच्या शेजारी उभी राहिले आणि दोघी मिळून रडलो. तिने माझा हात धरला, म्हणाली, 'तुमचा पण जीव होता ना हिच्यावर.' मी म्हटलं, 'हो हो.' त्या क्षणी होताच. गाडी गेली, मग तिने मला बसवून जेवू घातलं, वर लाडवांचा डबा दिला. आमचं लग्न वरच्या मजल्यावर आहे हे नवऱ्याचा फोन आल्यावर कळलं.

मावशींना मी सगळं खरं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की पुन्हा डोळे भरले. दर दिवाळीला आमचा फोन होतो. नवरीला आता मुलगा झालाय. बारशाला गेले होते, यावेळी आमंत्रणाने.

गरवारे_स्टँड

मोगरी, हहपुवा (हसून हसून पुरेवाट)! बारशापर्यंत!

नदीकाठ, एक भाषण आठवा. १६ नोव्हेंबर २०१३, वानखेडे. तेंडुलकरची दोनशेवी कसोटी तिसऱ्या दिवशीच संपली. मी वडिलांना घेऊन गेलो होतो. आमचे वडील म्हणजे बँकेतले माणूस. आजी गेली तेव्हाही कोरड्या डोळ्यांनी सगळं उरकलेले. सचिनने माइक हातात घेतला आणि पहिल्या काही वाक्यांतच सांगितलं की शांत व्हा, मला बोलू द्या, नाहीतर मी आणखी हळवा होईन. ते ऐकून स्टेडियम आणखी ओरडलं. नंतर तो एकटा खेळपट्टीकडे गेला, वाकून हात लावून नमस्कार केला. वडिलांनी चष्मा काढला. पुसायला रुमाल नव्हता. पुढच्या रांगेतल्या एका अनोळखी पोराने, मागे न बघताच, आपला तिरंगा मागे सरकवला. वडिलांनी तो घेतला नाही. म्हणाले, झेंड्याला डोळे पुसायचे नसतात. आणि शर्टाच्या बाहीने पुसले.

मुद्द्याचं म्हणजे, त्या दिवशी सचिनच्या हातात कागद होता. आभार मानायची नावं लिहून आणली होती, कुणी राहू नये म्हणून. बोलणं जड जातंय हे त्याने सांगितलं आणि यादी धरून शेवटपर्यंत गेला. तेव्हा पाठ करू नका. कागद हातात ठेवा आणि जड जातंय हे सांगून टाका. लोक वाट बघतात.

त्रिज्या

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा.

जास्त भावना असलेल्या माणसाचं कौतुक सगळे करतात. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्याचा विचार कुणी करत नाही. आमच्या घरी आई अशी होती. दूध उतू गेलं तरी तिला गावाकडची गाय आठवायची. गाय आठवली की माहेर, माहेर आठवलं की मामा. मग आम्ही तिघं भावंडं पाणी आण, पंखा लाव, गॅस बंद कर. गॅस बंद करणारा नेहमी मीच. आणि नेमकं काय झालंय हे विचारलं की उत्तरं चार यायची, चारही खरी. त्यातलं सोडवायचं कुठलं?

म्हणून मला वाटतं की भावना आवराव्यात. किमान चारचौघांत तरी.

शेवगा

त्रिज्या, तुमचा मुद्दा पटतो, पण दुसरी बाजू ऐका. काहींना राग आला की रडू येतं. मी त्यातली. दुःख नसतं हो, निव्वळ राग असतो, पण बाहेर पडताना दार चुकतं.

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पाणीपट्टीची आकारणी चुकीची झालीय हे मी तीन वर्षांची बिलं घेऊन मांडणार होते. गुणाकार-भागाकार सगळा तयार. उभी राहिले, 'सेक्रेटरीसाहेब, पान चार बघा' म्हटलं आणि डोळ्यांतून धारा. सेक्रेटरी घाबरले. खजिनदारांनी खुर्ची दिली. कुणीतरी लिंबू सरबत आणलं. एकजण म्हणाले, ताईंचं म्हणणं मान्य करून टाका. मान्य झालं! पान चार कुणी उघडलंसुद्धा नाही.

माझी तिथे इतकी चिडचिड झाली की पुन्हा रडू आलं, तेव्हा त्यांनी मागच्या वर्षाची थकबाकीही सोडून दिली. मला ती माफी नको होती. माझा हिशेब बरोबर होता, तो बघायला हवा होता. शेवटी दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या दारात कागद सरकवले आणि खाली लिहिलं: 'कृपया आकडे तपासावेत.' तिघांनी तपासले. बरोबर निघाले. त्या दिवशी मी सरबत केलं.

संत्राबर्फी

आमच्या इकडलं सांगतो. माह्या बाबाची चेतक होती, १९८४ ची. माही शाळा, ताईचं कॉलेज, आजीचा दवाखाना, सारं तिच्यावरच झालं. काही वर्षापयले आईनं म्हटलं, आता विका, अंगणात जागा नाही. गिऱ्हाईक आलं, वीस-बावीस वर्षाचं पोट्टं. बाबानं त्याले स्कूटर दाखवता दाखवता सांगाले सुरुवात केली. हे पायदान इथून घासलं काहून, तं पोरीचा पाय पुरत नव्हता. हा ठोकर कधीचा, तं पोराले पयल्यांदा शिकवताना. पोट्टं ऐकता ऐकता फुसफुस रडाले लागलं. त्याचा बाप गेल्ता दोन वर्षापयले आणि त्याचीबी चेतकच होती, म्हणूनच तं घ्याले आलता. मंग बाबा रडाले लागले. आई चहा घेऊन आली, तिनं दोघायले पाह्यलं, ट्रे खाली ठेवला आणि तेबी बसली.

भाव कराचं राहूनच गेलं बाप्पा. पोट्टं म्हणे काका तुम्ही म्हणान ते. बाबा म्हणे तू म्हणशीन ते. दोन तास झाले, आकडा कोणी बोले ना. शेवटी शेजारच्या काकूनं येऊन भाव ठरवला.

आता दर दसऱ्याले ते पोट्टं स्कूटर घेऊन आमच्या अंगणात येते. बाबा तिले हार घालते, हळदकुंकू लावते, आपट्याचं पान ठेवते. जागा नव्हती म्हणून विकली होती आणि दसऱ्याले आता स्कूटर बी असते, पोट्टं बी, त्याची माय बी. आईनं अंगणातल्या कुंड्या हलवल्या.

मोगरी

संत्राबर्फी, मी ऑफिसात वाचतेय हो. शेजारची विचारतेय काय झालं. तिलाही वाचायला दिलं. आता दोघी.

चष्मेघर_आजोबा

मी डोळ्यांचा डॉक्टर, आता निवृत्त. धाग्यावर एवढे अश्रू वाहताहेत, तर त्यांची वाट कशी असते ते सांगतो. शनिवारी उपयोग होईल.

अश्रूंची मुख्य ग्रंथी भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली, कपाळाच्या हाडाच्या खोबणीत असते. तिथून पाणी डोळ्यावर पसरतं आणि नाकाकडच्या कोपऱ्यात, वरच्या व खालच्या पापणीच्या काठावर एकेक बारीक छिद्र असतं, त्यातून नळीवाटे नाकात उतरतं. म्हणून रडताना आधी नाक वाहतं. नाक ओढलं म्हणजे सर्दी झाली असं सांगणारे सगळे पेशंट मी ओळखून असायचो.

डोळ्यात एरवी सुमारे ७ मायक्रोलिटर पाणी असतं आणि फार तर ३० च्या आसपास मावतं. औषधाचा एक थेंब त्याहून मोठा असतो, म्हणून तो गालावर येतो. थोडक्यात, भांडंच लहान आहे. गालावर ओघळ आला म्हणजे फार रडलात असं नाही, वाटी भरली एवढंच.

आता घसा. भरून आलं की शरीर जास्त हवा घ्यायला स्वरयंत्राचं दार उघडं ठेवू पाहतं. त्याच वेळी तुम्ही आवंढा गिळता, आणि गिळताना तेच दार बंद व्हावं लागतं. या ओढाताणीत घशात गोळा जाणवतो. 'आवंढा गिळला' हे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो, ते शरीरशास्त्राला धरूनच आहे. त्यामुळे जोर लावून बोलू नका. थांबा, श्वास हळू सोडा, पाण्याचा छोटा घोट घ्या. पाण्याचा पेला हाताशी ठेवायला सांगा.

आणि कांदा चिरताना येतं ते पाणी निराळं. तो रासायनिक धुराचा चटका असतो, धुऊन काढायला आलेला. घरोघरच्या बायकांनी या दोहोंची सरमिसळ पिढ्यान्‌पिढ्या होऊ दिली आणि फार बरं केलं. माझी आई रोज दुपारी चारला कांदा चिरायची. भजी मात्र आठवड्यातून एकदाच व्हायची. हे माझ्या लक्षात यायला मला एमबीबीएस व्हावं लागलं.

नदीकाठ

आजोबा, शेवटची ओळ वाचून मी उठून आईला फोन केला. काही कारण नव्हतं. ती म्हणाली, जेवलीस का. बस.

पाण्याचा पेला ठेवायला सांगते.

त्रिज्या, तुमचा राग मुळीच आला नाही. शेजारी उभं राहणाऱ्याचंही ओझं असतं हे खरं, माझा नवरा गेली चौदा वर्षं ते उचलतोय. त्याची एक रीत तुम्हाला सांगते. तो 'काय झालं' असं विचारत नाही. 'किती झालं' असं विचारतो. मी सांगते 'तीन' किंवा 'पाच'. तीनपर्यंत चहा. पाच असेल तर आम्ही माई घाटावर जाऊन बसतो. सोडवायचं काही नसतंच. बऱ्याचदा मोजूनच कमी होतं.

अमळनेरी

'चारचौघांत आवरा' यावर एक आठवण करून देतो. आमच्या अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिक्षक होते. त्यांच्या हळवेपणावर हसणारे तेव्हाही होते, आजही आहेत. रडके साहित्य, रडका माणूस, असं आम्ही शाळेत असताना मास्तरांच्या तोंडूनच ऐकलंय.

त्या माणसाने १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषण सुरू केलं, विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी उघडावं म्हणून. त्याआधी महाराष्ट्रभर फिरून लोकांची मनं तयार केली होती. १० मे ला उपोषण सुटलं, मंदिर खुलं व्हायचं मान्य झाल्यावरच. दहा दिवस पोटात अन्न नाही आणि समोर शेकडो वर्षांची रूढी. कोरड्या डोळ्यांची किती माणसं तिथे बसली असती? मला वाटतं, दुसऱ्याचं दुःख ज्याला सहन होत नाही तोच अशा ठिकाणी बसतो, कारण घरी बसणं त्याला जास्त जड जातं.

हा विषय निघाला की मी जरा तापतो. पण हसणाऱ्यांनी मे महिन्यात पंढरपूरचा उन्हाळा एकदा बघून यावा.

वाखुसा_बाई

प्रतिसाद आवडला. वाखुसा (वाचनखूण साठवली).

कमळपाकळी

मी संस्कृत शिकवते. नदीकाठच्या पाहुण्यांची मोजदाद आधीच झालेली आहे हे सांगायला आले.

भरताच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायी भाव, तेहतीस व्यभिचारी भाव आणि आठ सात्त्विक भाव आहेत. एकूण ४९. व्यभिचारी म्हणजे येऊन-जाऊन असणारे, स्थायीभोवती ये-जा करणारे. हर्ष, चिंता, स्मृती, असूया, दैन्य, गर्व, अशी सगळी मंडळी. ज्ञानेश्वरीमुळे मराठीत रुळलेले अष्टसात्त्विक भाव म्हणजे स्तंभ (जागीच थिजणे), घाम, रोमांच, स्वरभंग, कंप, रंग उडणे, अश्रू आणि भान हरपणे. बघा, तुमचा गेलेला आवाज आणि ओले डोळे हे दोन्ही त्या आठांत आहेत. नटाला ते वरवर आणता येत नाहीत, त्यासाठी मन एकाग्र व्हावं लागतं, असं भरत सांगतो. तुम्हाला ते भाषणाच्या दुसऱ्या परिच्छेदात आपोआप मिळतात.

मला सगळ्यात आवडतो तो तेहतिसांतला एक भाव, अवहित्था. म्हणजे आतली भावना लपवणं. गंमत अशी की भरताने लपवणं हीसुद्धा एक भावनाच मानली आहे. ती कशी दिसते, तर बोलता बोलता विषय बदलणं, मध्येच वाक्य तोडणं, उसनं धैर्य आणणं. त्याला शब्द आहे कृतकधैर्य. शेवग्याच्या सभेत खजिनदारांनी आणलं असेल तसं.

अवहित्थेचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण कालिदासाच्या कुमारसंभवाच्या सहाव्या सर्गातलं आहे. हिमालयाकडे शंकरासाठी मागणी घालायला ऋषी आले आहेत. अंगिरस ऋषी बोलताहेत आणि पार्वती वडिलांच्या शेजारी उभी आहे, आनंद मावत नाही. ती काय करते? मान खाली घालून हातातल्या कमळाच्या पाकळ्या मोजत बसते. तुमचे यजमान 'किती झालं' विचारतात ना, तेच. भरून आलं की काहीतरी मोजा.

त्रिज्या

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. दोनदा वाचले. आधी मी अर्धवट लिहिलं होतं, आता पुरं लिहितो.

आई गेली तेव्हा मी मोठा मुलगा होतो. सगळं मी बघितलं, दाखल्यापासून तेराव्यापर्यंत. एकदाही रडलो नाही, कारण गॅस बंद करणारा मीच. त्याला नऊ वर्षं झाली. मागच्या महिन्यात दूध उतू गेलं. मी गॅस बंद केला आणि ओट्यापाशी उभा राहून तिच्या मामाचं नाव आठवत बसलो. आठवेना. ती प्रत्येक वेळी सांगायची आणि मी प्रत्येक वेळी पाणी आणायला जायचो. शेवटी धाकट्या बहिणीला विचारलं. तिला नाव माहीत होतं. गायीचंसुद्धा माहीत होतं. ती ऐकत बसायची.

नदीकाठ, भाषणासाठी माझ्याकडून एक कामाची गोष्ट. कागद मोठ्या अक्षरात छापा, १८ च्या खाली नको. ओल्या डोळ्यांना बारीक अक्षर दिसत नाही. दर दोन वाक्यांनंतर एक ओळ मोकळी सोडा. 'मग' हा शब्द नव्या ओळीवर घ्या. तिथे थांबायचंच आहे असं ठरवून थांबा. ठरवून थांबलं की लोकांना वाटतं भाषणातच आहे.

एडिसनकर

त्रिज्या, गायीचं नाव काय होतं?

त्रिज्या

कपिला.

एडिसनकर

छान नाव.

मी इकडे न्यू जर्सीत, तरी माझी गोष्ट मुंबई विमानतळाच्या दारातली. तिथे आत फक्त तिकीटवाल्यांना सोडतात, त्यामुळे निरोप दारातच घ्यावा लागतो, मागे दहा ढकलगाड्या. दर वेळी आईचं ठरलेलं. आधी ओरडते, 'पासपोर्ट घेतलास का, मेतकूट वर ठेवलंस की बॅगेत?' मग जोरात गालाला चिमटा काढते. त्रेचाळीस वर्षांच्या माणसाच्या. मग रडते. यंदा दारातल्या जवानाने माझं तिकीट हातात घेतलं आणि वाचतच राहिला. एवढं काय वाचतोय म्हणून बघितलं, तर तो तिकीट वाचत नव्हता. आईचं होईपर्यंत थांबला होता. तिकीट परत देताना आईला म्हणाला, 'माताजी, हो गया?' आई म्हणाली, 'अजून थोडं.' त्याला मराठी येत होतं की नाही कोण जाणे. तो आणखी थोडा वेळ वाचत राहिला.

चिमट्याबद्दल मला नेहमी कुतूहल होतं. येल विद्यापीठात ओरियाना अरागोन यांनी यावर काम केलंय, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. आनंदात रडणं आणि गोड बाळ दिसलं की त्याला चावावंसं वाटणं हे एकाच जातीचं आहे. भावना आवाक्याबाहेर गेली की उलट्या दिशेचं काहीतरी बाहेर येतं आणि माणूस पुन्हा जागेवर येतो, असा त्यांचा विचार आहे. आईला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, 'येलला सांग, मला माहीत होतं.'

नदीकाठ

मंडळी, शनिवार झाला. संध्याकाळी लिहायला बसले होते, जमलं नाही. आज रविवारी लिहितेय.

तुमचं सगळं घेऊन गेले होते. कागद १८ च्या अक्षरात, मोकळ्या ओळींसह, 'मग' वेगळ्या ओळीवर. टेबलावरच्या गुच्छात शेवंती होती, म्हणजे मोजायला पाकळ्याही होत्या. पाण्याचा पेला तेवढा राहिला. कारण शाळेत पाण्याचं मामाच बघतात, आणि त्या दिवशी त्यांना कुणी काही सांगायचं नाही असं ठरलं होतं. मग पाणी आणायचं कुणी, हा विचारच कुणाच्या डोक्यात आला नाही.

पहिला परिच्छेद गेला. दुसऱ्या परिच्छेदापाशी सांगून टाकलं की पुढचं वाक्य मला जड आहे, थोडं थांबते. शेवंतीच्या अकरा पाकळ्या मोजल्या आणि 'मग' पार झाला. मला वाटलं, आता जिंकले.

चौथ्या परिच्छेदात एक वाक्य होतं ज्याची मला भीतीच नव्हती. 'मामांना शाळेतल्या प्रत्येक मुलाचं नाव पाठ आहे.' ते म्हटलं, आणि पाचवीच्या रांगेतून एक पोरगा ओरडला, 'माझ्या कुत्र्याचं पण!' सगळा हॉल हसला, मीही हसले, आणि हसता हसताच आवाज गेला. पाकळ्या मोजायला बघितलं तर गुच्छ दिसेना. मी उभी. हॉल गप्प. माइक नुसता घुमतोय.

मामा व्यासपीठावर बसले होते, अंगावर शाल, मांडीवर नारळ. ते उठले. नारळ खुर्चीवर ठेवला आणि बाहेर गेले. आम्हाला कळेना कुठे निघाले. परत आले ते हातात ट्रे, ट्रेमध्ये स्टीलचा पेला, वर झाकणी. ३१ वर्षं प्रत्येक पाहुण्यासमोर धरला तसा माझ्यासमोर धरला आणि मी पाणी पिईपर्यंत तिथेच उभे राहिले. शाल घसरत होती, ती कोपराने सावरत होते. मी पेला ठेवला. ते हळूच म्हणाले, 'सावकाश होऊ द्या, बाई.'

मुख्याध्यापकांनी आधी सुरू केलं. मग गणिताचे सर, ज्यांना मी कधी हसतानाही पाहिलं नाही. मग सगळ्यांनीच. मी भाषण पुरं केलं मंडळी, शेवटच्या शब्दापर्यंत. पण ते ऐकायच्या स्थितीत कितीजण होते सांगता येत नाही.

मामा खुर्चीत परत बसलेच नाहीत. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं, साडेअकरा झाले होते. तसेच शालीत व्हरांड्यात गेले आणि रुळाच्या तुकड्यावर शाळा सुटल्याची लांब घंटा दिली.

एकही मूल उठलं नाही. साडेसहाशे पोरं मांडी घालून बसून राहिली.

मामांनी दारातून आत वाकून बघितलं. म्हणाले, 'आरं, सुटली की शाळा. जावा की घरला.'